दोन ढिगांचं शिसं

नोकरीला लागले तेव्हा माझी समजूत होती की शिसं म्हणजे शिसं. बी.एस्सी.च्या पुस्तकात त्याला दीड पान होतं, परीक्षेत त्यावर एक ठरलेला प्रश्न यायचा आणि तो मी कधी चुकवला नव्हता. माझी आई तर गिरगावात शेजारणींना खुशाल सांगायची की आमची मुलगी शिसपेन्सिलींच्या कंपनीत आहे. मी दोनतीनदा दुरुस्ती करून पाहिली. खाणीतून निघणाऱ्या दगडामातीत कुठला धातू किती आहे ते आम्ही तपासतो, असं सांगितलं. त्यावर खोताच्या वाडीला लागून असलेल्या आमच्या चाळीतल्या एका काकूंनी विचारलं, "मग सोनं सापडतं का गं?" तेव्हापासून पेन्सिलीच बऱ्या म्हणून मी गप्प बसले.

संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलनाची ती वर्षं. आमची प्रयोगशाळा भायखळ्याच्या भाजीबाजारामागे एका जुन्या गोदामात होती. खाली भट्टी, वर आमची काचेची भांडी आणि तराजू. मालक म्हणजे साहेब परदेशात शिकून आलेले, स्वभावाने चांगले, पण सदा घाईत. देशभरातून खनिजाच्या पिशव्या यायच्या आणि शिसं इतके टक्के, जस्त इतके टक्के असा कागद आम्ही द्यायचो. त्यापलीकडे कोणी काही विचारत नसे आणि आम्हीही सांगत नसू.

खालच्या भट्टीवर मिस्त्री होते. नायगावच्या बीडीडी चाळीत राहायचे, वयाने पन्नाशीच्या आसपास, शाळा चौथीपर्यंत. नुकतेच ते घरच्या सगळ्यांना घेऊन नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आले होते, आणि त्यानंतर बरेच दिवस त्यांच्या चालण्यात एक वेगळाच ताठा होता. माझ्या आईने त्याच सुमारास एकदा चौकशी केली होती की तिथे चहा कोण करतं. मिस्त्री करतात, असं मी सांगितलं. त्या संध्याकाळी तिने मला पाय धुऊन घरात यायला लावलं. मला आईचा राग आला. आज वाटतं, तो राग जरा स्वस्तातला होता. कारण मीही मिस्त्रींना काही कमी शिवाशिव करत नव्हते. माझी फक्त पदवीची होती. ते शिकलेले नाहीत ह्याची मला सतत आठवण असायची. त्यांना बहुधा नसायची.

मिस्त्रींच्या खात्याचा एक नियम होता. खनिज आलं की आधी कुटायचं, मग मातीच्या पसरट थाळीत घालून भट्टीत भाजायचं आणि मगच वर पाठवायचं. खनिजात गंधक असलं तर पुढे मुशीत ते फार त्रास देतं, म्हणून ते आधीच जाळून टाकायचं. चकलीची भाजणी भाजल्याशिवाय कोणी दळायला देत नाही, तसंच ते. साहेबांच्या आधीपासून चालत आलेली रीत होती आणि ती कोणाच्या डोळ्यांवरही येत नसे.

एका सोमवारी दुपारी एक माणूस दोन पिशव्या आणि एक पत्र घेऊन आला. राजस्थानातल्या एका शिशाच्या खाणीवर तो सुतार होता. खाणीच्या आत छताला लाकडी टेकू लावायचे, हे त्याचं काम. मूळचा मालवणकडचा, बहीण लालबागला चाळीत राहायची, म्हणून रजा काढून मुंबईला येताना कंपनीने पिशव्या त्याच्याबरोबर दिल्या होत्या. पत्र इंग्रजीत होतं. त्यातलं प्रकरण त्याने आम्हाला मराठीत सांगितलं.

खाणीशेजारी दगडमातीचे दोन मोठे ढीग होते. एक नवा, कंपनीच्या यंत्रातून निघालेल्या गाळाचा, काळपट. दुसरा फार जुना. शेकडो वर्षांपूर्वी कोण्या लोकांनी तिथे हाताने खणून शिसं काढलं होतं, त्यांनी टाकलेल्या मातीचा, पांढुरका. खाणीवर कामगारांच्या घरांच्या दोन रांगा होत्या. एका रांगेची अंगणं नव्या ढिगाच्या मातीने भरलेली, दुसरीची जुन्याच्या. दुसऱ्या रांगेतली मुलं आजारी पडत होती.

"माझी चार वर्षांची हाय," तो म्हणाला. "पोट धरून रडता. खात नाय काय. पांढरी पडलीहा. माती तेवढी खाता, कितीपण मारा. डॉक्टरान तोंड उघडून बघितलान, तर हिरड्यांवर निळी रेघ."

खाणीवरच्या डॉक्टरला शिशाचा संशय होता. कंपनीचं म्हणणं वेगळं होतं. शिसं दोन्ही ढिगांत आहे, मग पहिल्या रांगेतली मुलं खेळतात-बागडतात ती कशी? दोष मातीचा नाही, खाण्यापिण्याचा असणार. तेव्हा दोन्ही मातींची तपासणी करा, शिसं सारखंच निघालं तर तक्रार निकालात काढू. सुताराची परतीची गाडी शनिवारी होती. कागद घेऊनच त्याला परत जायचं होतं. कागदावर काय लिहिलेलं असेल त्यावर त्याची मुलगी त्याच अंगणात राहणार की नाही हे ठरणार होतं.

मंगळवारी मी दोन्ही मातींतलं शिसं मोजलं. टक्के जवळजवळ तंतोतंत सारखे.

"झालं तर मग," साहेब म्हणाले. "टाइप करून द्या."

आता इथे मला माझं थोडं कौतुक करू द्या, कारण पुढे करण्यासारखं फार काही नाही. काही महिन्यांपूर्वी फोर्टातल्या एका लायब्ररीत मी एका परदेशी मासिकातला लेख उतरवून आणला होता. मातीत शिसं किती आहे हा एक प्रश्न, आणि ते कुठल्या रूपात आहे हा अगदी वेगळा. गंधकाशी बांधलेलं शिसं, म्हणजे गॅलिना, काळं, चकचकीत आणि हट्टी असतं, सहजी विरघळत नाही. तेच शिसं हवापाण्याने बदललं की त्याचं सल्फेट होतं किंवा कार्बोनेट होतं, आणि हे कार्बोनेट तर नुसत्या सौम्य आम्लातही विरघळतं. आणि आपल्या पोटात आम्लच असतं. ही रूपं वेगळी करायची युक्ती त्या लेखात होती. माती आधी मिठाच्या दाट पाण्यात ढवळायची, त्यात सल्फेटातलं शिसं उतरतं. गाळून उरलेली माती अॅसिटिक अॅसिडच्या, म्हणजे व्हिनेगरमधल्या सौम्य आम्लाच्या पाण्यात, त्यात कार्बोनेटातलं. पुन्हा गाळून उरलेली फेरिक क्लोराईडमध्ये, तिथे गॅलिना हार मानतं. एकाच चिमूटभर मातीला तीन वेळा तीन प्रश्न विचारायचे आणि दर वेळी कोण उत्तर देतं ते पाहायचं. तो लेख वाचून मी लायब्ररीतल्या खुर्चीत कितीतरी वेळ नुसतीच बसून राहिले होते. दगडाला असं काही विचारता येतं हे मला कोणी सांगितलंच नव्हतं.

साहेबांना मी हे सगळं एका दमात सांगितलं. त्यांनी घड्याळ पाहिलं आणि म्हणाले, "शुक्रवारपर्यंत. आणि नेहमीचं काम सांभाळून."

बुधवार आणि गुरुवार मी त्या मातींना प्रश्न विचारले. तिन्ही द्रावणं, गाळणी, धुणं, सगळं लेखाबरहुकूम. उत्तर आलं ते असं की दोन्ही मातींतलं जवळपास सगळं शिसं पहिल्या दोन प्रश्नांतच उतरलं. तिसऱ्यासाठी काही राहिलंच नाही. दोन्ही माती सारख्याच विरघळणाऱ्या. म्हणजे कंपनीचं म्हणणं आता टक्क्यांनीच नाही, रूपांनीही खरं ठरत होतं. मी खट्टू झाले, पण आकडे इतके स्वच्छ आले होते की त्या नीटनेटकेपणाचा आनंदही झाला. ह्या आनंदाची मला पुढे लाज वाटली.

सुतार रोज दुपारी लालबागहून चालत यायचा आणि खाली मिस्त्रींपाशी भट्टीजवळ उभा राहायचा. वर यायचा नाही. गुरुवारी संध्याकाळी मीच खाली उतरले आणि त्याला सांगितलं, "दोन्हीकडे सारखंच आहे. आणि सारखंच विरघळतं."

त्याने विचारलं, "म्हणजे आमचा सगळा खोटा?"

"खोटं असं नाही," मी म्हणाले, "पण कारण दुसरं काहीतरी असेल."

मिस्त्री बादलीत हात धूत होते. मान वर न करता म्हणाले, "बाई, सारखं कसं आसंल? काळीला वास मारत होता की."

"कसला वास?"

"भाजताना. नाक जळत होतं. पांढरीला काय नाय, गप गुमान भाजली."

आणि मी काय म्हणाले असेन? मी म्हणाले, "मिस्त्री, वासावर रिपोर्ट लिहीत नाहीत." पदवी मिळून तीन वर्षं झाली होती आणि मी अजून नाकाने कांदे सोलत होते.

जिना अर्धा चढले आणि माझे पाय थांबले. नाक जाळणारा वास गंधकाचाच असणार. गंधक जळत होतं म्हणजे काळ्या मातीत गंधकाशी बांधलेलं शिसं होतं, आणि भरपूर होतं. मग माझ्या तिसऱ्या भांड्यात ते का आलं नाही? कारण मिस्त्रींनी नेहमीसारखी दोन्ही माती आधी भाजली होती. भट्टीच्या आचेत गॅलिना राहिलंच नव्हतं, त्याचं सल्फेट आणि ऑक्साईड होऊन बसलं होतं, सहज विरघळणारं. दोन वेगळ्या मातींना आम्हीच भाजून एकसारखं केलं होतं आणि मग मी दोन दिवस राबून त्या एकसारख्या आहेत असं सिद्ध केलं होतं. माती भाजलेली आहे का, हे मी विचारलंच नव्हतं. पानावर बसल्यावर भात शिजलाय का असं कोणी विचारत नाही. टक्के मोजायला भाजलेलं चालतं, टक्के बदलत नाहीत. पण मी ह्या वेळी टक्के मोजतच नव्हते. घोडं इथे पेंड खात होतं आणि ते मला वासावरून कळलं, तेही दुसऱ्याच्या नाकाने.

मी परत खाली आले. माझा चेहरा कसा झाला होता कोण जाणे, सुतार दोन पावलं मागे सरला.

"मिस्त्री, न भाजलेली माती आहे का कुठे?"

ते हसले नाहीत, टोमणाही मारला नाही. कुटलेल्या मातीचा ढीग करून त्याचे चार भाग करायचे, समोरासमोरचे दोन तपासायला घ्यायचे आणि दोन टाकून द्यायचे, अशी पद्धत असते. शितावरून भाताची परीक्षा करायची तर शितंही निवडून नको, म्हणून. पण मिस्त्री ते दोन भाग रिपोर्टवर सही होईपर्यंत टाकत नसत. मागच्या पडवीत बिस्किटांच्या डब्यांत पुड्या करून ठेवायचे. जागा अडते म्हणून साहेबांनी त्यांना किती वेळा बोलून दाखवलं होतं. त्यांनी दोन पुड्या काढून माझ्या हातात दिल्या. एक काळपट होती, एक पांढुरकी.

"शुक्रवारी हरताळ हाय," ते म्हणाले.

ते मी विसरलेच होते. मुंबईसह संयुक्त महाराष्ट्रासाठी पुकारलेला हरताळ, म्हणजे ट्राम नाही, दुकान नाही, साहेब तर नाहीतच. आणि शनिवारी संध्याकाळी सुताराची गाडी.

"मी येईन," मी म्हणाले.

"मग मी पण येतो," मिस्त्री म्हणाले, "मोर्चाला पोरगा जाईल माझा. एका घरातून एक पुरे."

घरी वडिलांनी विरोध केला. ते म्हणाले, "शिसं कुठे पळून जातंय? एक दिवस थांबेल." मी म्हणाले, "शिसं थांबेल, सुतार थांबणार नाही." मी त्यांना असं उलट बोलले नव्हते कधी. त्यांनी वर्तमानपत्र उघडलं आणि त्यातच पाहत म्हणाले, "मोठ्या रस्त्याने जा. गल्लीबोळात शिरू नकोस."

शुक्रवारी सकाळी मी गिरगावातून भायखळ्यापर्यंत चालत गेले. मुंबई इतकी गप्प मी कधी ऐकली नव्हती. दुकानांच्या फळ्या लावलेल्या, काळे झेंडे, नाक्यानाक्यावर पोलिसांच्या गाड्या. मधेच कुठूनतरी "झालाच पाहिजे" असा एकदम आवाज उठायचा आणि पुन्हा सगळं शांत. मला भीती वाटत होती आणि त्याच वेळी छातीत काहीतरी भरून येत होतं. एवढं मोठं शहर ठरवून थांबू शकतं, ह्याचं ते असावं. एका हवालदाराने कुठे चाललात म्हणून विचारलं. मी म्हणाले, "माती तपासायला." त्याने मला जाऊ दिलं, बहुधा वेडी समजून.

मिस्त्री दार उघडून बसलेच होते. आम्ही सरळ कामाला लागलो. आधी मी दोन्ही मातींचे कण सूक्ष्मदर्शकाखाली ठेवले. काळ्या मातीत गॅलिनाचे तुकडे होते, लहान लहान चौकोनी ठोकळे, बाजू इतक्या सरळ की कोणी पट्टीने आखून कापलेत असं वाटावं, आणि सगळे चमकत होते. पांढऱ्या मातीत एकही ठोकळा सबंध नव्हता. प्रत्येक कणावर पांढरं कवच. एक कण मी सुईने फोडला. आत, अगदी मध्यावर, काळा चकचकीत ठिपका उरलेला होता, बाकीचा सगळा पांढरा होऊन गेलेला.

मी बराच वेळ त्या ठिपक्याकडे पाहत राहिले. ज्यांनी ती खाण हाताने खणली ते कोण होते, कुठली भाषा बोलत होते, कोणालाच माहीत नाही. त्यांनी नको म्हणून टाकलेला दगड तिथे पडून राहिला, आणि दर पावसाने, दर उन्हाने त्याला बाहेरून आत, केसाएवढा केसाएवढा बदलत आणलं. कोणी पाहत नव्हतं, कोणी घाई केली नाही. आणि अजून ते काम संपलेलं नव्हतं, मधला ठिपका बाकी होता. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी मिस्त्रींना जागा दिली आणि म्हणाले, "बघा." त्यांनी एक डोळा मिटून पाहिलं, मग दुसरा मिटून पाहिलं.

"आतनं अजून काळंच हाय की," ते हळूच म्हणाले.

मग तिन्ही प्रश्न पुन्हा विचारले. मी मोजायचे आणि गाळायचे, मिस्त्री ढवळायचे. एका लयीत, तासभर न थांबता ढवळणं त्यांच्याकडून शिकावं. दुपारी मोर्चा जवळून गेला तेव्हाही त्यांचा हात थांबला नाही. फक्त तोंडाने ते बाहेरच्या घोषणेला साथ देत होते, अगदी पुटपुटत, काचेची कांडी भांड्यात फिरवत.

गाळलेलं प्रत्येक पाणी दिसायला सारखंच, नितळ. चार वाजता मी अॅसिटिक अॅसिडची दोन पाणी दोन नळ्यांत घेतली आणि दोन्हींत पोटॅशियम क्रोमेटचे थेंब सोडले. पाण्यात शिसं असलं की त्याने पिवळा साका धरतो. काळ्या मातीच्या नळीत थोडासा पिवळा धुरळा आला आणि विरून बसला. पांढऱ्या मातीच्या नळीत पहिला थेंब पडला तिथेच पिवळा ढग उठला, दाट, हळदीपेक्षा उजळ, आणि तो वाढतच गेला, खाली बसायला लागला, वर पुन्हा नवा उठला. तेवढ्या नितळ पाण्यात एवढं काही लपलेलं असेल ह्यावर डोळ्यांनी पाहूनही विश्वास बसत नव्हता. तिसऱ्या भांड्यात उलटं झालं. काळ्या मातीचं शिसं तिथे उतरलं, पांढरीकडे नावाला. तेवढंच शिसं, तेवढेच टक्के, आणि दोन्ही मातींच्या स्वभावात जमीनअस्मानाचा फरक.

मिस्त्री नळीवरून नजर काढत नव्हते. "वीस वर्षं शिसं भाजतोय," ते म्हणाले. "हे कधी बघितलं नव्हतं."

त्यांना कोणी कधी वर बोलावलंच नव्हतं. तीन वर्षांत मीही नाही. ती शरम मला तिथल्या तिथे आली, आणि ती मी त्यांना बोलूनही दाखवली. म्हणाले, "मिस्त्री, काल मी वासाबद्दल बोलले ते मूर्खपणाचं होतं. तुम्हाला सोमवारीच कळलं होतं." ते म्हणाले, "मला कुठं काय कळलं? मला वास आला." मग म्हणाले, "कळायला तुम्ही लागता." हे ते मनापासून म्हणाले की माझी समजूत काढायला, मला अजून ठरवता आलेलं नाही. भट्टीच्या धुरात वीस वर्षं त्या नाकातून आत काय काय गेलं असेल, हा प्रश्न मात्र मला त्या दिवशी सुचला नाही. आम्हा कोणालाच सुचला नाही.

शनिवारी सकाळी साहेबांसमोर उभं राहून मी झालेली चूक सांगितली. गुरुवारी टाइप केलेला कागद त्यांच्या टेबलावर सहीसाठी पडला होता. त्यांनी विचारलं, "भाजायला कोणी सांगितलं होतं?"

"कोणी नाय साहेब," मिस्त्री म्हणाले. "नेहमीसारखंच भाजलं."

"भाजू नका असंही कोणी सांगितलं नव्हतं," मी म्हणाले. "ते माझं काम होतं."

 साहेबांनी तो कागद फाडला, नळ्या मागवल्या, खिडकीशी नेऊन उजेडात धरल्या आणि पाच मिनिटं तिथेच न्याहाळत राहिले. त्या घाईच्या माणसाला मी तेवढं एकदाच स्वस्थ उभं राहिलेलं पाहिलं. नवा रिपोर्ट त्यांनी स्वतः लिहिला. काळ्या मातीतलं शिसंही निर्धोक आहे असं कोणी समजू नये, हे वाक्य त्यांचं. पण जुन्या ढिगातलं बहुतेक शिसं सौम्य आम्लात सहज विरघळतं आणि पोटात गेल्यास अंगात भिनू शकतं, तेव्हा ती माती मुलांच्या वावरातून ताबडतोब काढावी, हेही त्यांनी स्पष्ट लिहिलं.

दुपारी सुतार आला. ह्या वेळी मिस्त्रींनीच त्याला वर आणलं. त्याच्या हातात वळकटी आणि ट्रंक होती, तो तसाच स्टेशनवर जाणार होता. गुरुवारी मी सांगितलं ते चूक होतं, असं मी त्याला आधी सांगितलं. मग कागदावरचं इंग्रजी समजावण्यापेक्षा दाखवावं म्हणून दोन नळ्या भरल्या. म्हणाले, "हे पोटातल्या आम्लासारखं समजा. ह्यात तुमच्या दोन्ही माती ढवळून गाळल्यात." आणि थेंब सोडले.

पांढऱ्या मातीचा पिवळा ढग उठला. मला तेव्हाही, दुसऱ्या दिवशीही, ते नवंच वाटत होतं, आणि मी नळीकडेच पाहत होते. त्यामुळे त्याचा चेहरा मला उशिरा दिसला.

"पुन्हा दाखवा," तो म्हणाला.

मी पुन्हा दाखवलं.

"ह्या तिच्या पोटात?"

"असं पिवळं नाही. पण शिसं, हो."

तो स्टुलावर बसला. बोलू लागला तो पूर्णपणे घरच्या बोलीवर येऊन. "ती माती मीच हाडली, बाय. कंपनी काळी देय होती. काळी खरखरीत, पायाक टोचता. म्हटलंय, चेडू खेळतला, पडतला. म्हणान जुन्या ढिगारची पांढरी हाडली, मऊ, पिठासारी. पाटयेन हाडली, आठ दिवस, कामावरून इल्यावर. माझा बघून बाकीच्यांनीव हाडल्यानी."

 मग त्याने मला विचारलं, तिच्या पोटात आत्तापर्यंत किती गेलं असेल. चिमूटभर मातीतलं शिसं मी दशांशाच्या दुसऱ्या घरापर्यंत सांगू शकत होते. ह्याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं आणि मी तसं सांगितलं.

मिस्त्रींनी त्याची ट्रंक उचलली. "पाटीनं आणली ना," ते म्हणाले, "पाटीनंच बाहेर टाका. पोचल्या पोचल्या. कंपनीची वाट बघू नका." आणि ते त्याला स्टेशनवर सोडायला गेले, भट्टी तशीच सोडून. त्यांनी भट्टी सोडलेली मी तेवढीच पाहिली.

दीडएक महिन्याने त्याचं पोस्टकार्ड आलं, मिस्त्रींच्या नावावर. मिस्त्री ते वर घेऊन आले आणि मला वाचायला दिलं. अक्षर वळणदार होतं, कोणाकडून तरी लिहून घेतलेलं. अंगण हातभर खणून माती लांब नेऊन टाकली, सगळ्या रांगेने मिळून. डॉक्टर म्हणतात वेळ लागेल, पण पोटात कळ येणं कमी झालं आहे. आता भात खाते. रोज सकाळी मात्र दारात बसून रडते आणि विचारते, बाबा, माझी पांढरी माती कोणी नेली. मीच आणली होती हे तिला आठवतं, म्हणून परत आण असा माझ्याच मागे लागते. तिला काय सांगू, ते तिथल्या बाईंना विचारून कळवावे.

मिस्त्री उत्तराची वाट पाहत उभे होते. मी कार्ड दोनदा वाचलं. मग साहेबांच्या टेबलावरून कोरं पोस्टकार्ड घेतलं, पत्ता लिहिला, आणि पुढे काय लिहायचं ते आम्हा दोघांनाही संध्याकाळपर्यंत सुचलं नाही.